वस्तादांच्या चित्राखालचं नाव

कोल्हापूरला कलापूर म्हणतात. म्हणणारे बहुतेक पुरुष असतात, आणि तेही हातात माइक असताना. निर्मलाच्या कानावर हे वाक्य पडलं की तिचं टाळकं सरकायचं. कारण याच कलापुरात दर आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी तिच्या दारात उभं राहून म्हणायचं, "वैनी, तुमाला चित्रं काढाय येत्यात न्हवं? मग आमच्या सुष्मिताच्या रुखवताचं तेवढं बघा की."

तेवढं बघायचं म्हणजे सुपारीचे नवरानवरी करायचे, थर्माकोलचा बंगला उभा करायचा, आणि त्या बंगल्याच्या गॅलरीत पुन्हा नवरानवरी. रुखवत झालं की हळदीकुंकवाला दारात मोर, मोर झाला की गौरीच्या मुखवट्याच्या पुसट झालेल्या भुवया, भुवया झाल्या की शाळेच्या गॅदरिंगचा मागचा डोंगर. पाच वर्षं कलाशाळेत घासलेली, माणसाच्या अंगातल्या हाडांची नावं तोंडपाठ असलेली, व्यक्तिचित्रात पहिली आलेली ही बाई. आणि गाव तिच्याकडून भुवया रंगवून घेत होतं. नाही म्हणावं तर "लई शिकल्याली हाय न्हवं, मिजास असायचीच." हो म्हणावं तर पुढच्या आठवड्यात दुसरी गौर हजर.

निर्मला मूळची कुरुंदवाडची. वडील वीरभद्र यांचं तिथं फोटोच्या फ्रेमा करायचं दुकान. नृसिंहवाडीहून दत्ताच्या तसबिरी आणलेली माणसं काच बसवायला त्यांच्याकडं यायची. पोरगी गल्ल्यापाशी बसून त्या तसबिरी न्याहाळायची आणि देवाच्या चुका काढायची. "अप्पा, तिन्ही तोंडांना एकच नाक हाय की!" अप्पांना हसू यायचं, आणि जरा भीतीही वाटायची. तिला कोल्हापूरला कलाशाळेत घालायची वेळ आली तेव्हा घरात मोठा गदारोळ झाला. तो मिटवला अप्पांच्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं. "जाऊ दे की पोरीला. लग्नात रुखवत तरी सोताचं सोता करंल, बाहीरनं आणाय नको." असा सगळा उदात्त विचार होऊन निर्मला चित्रकार झाली.

ब्याण्णव साली शाहूपुरीतलं स्थळ आलं. मुलगा सोमशेखर, गुळाची अडत, खाली पेढी आणि वर घर. माणसं आपल्यातलीच, लिंगायत, सरळ. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. बघायच्या कार्यक्रमात होणाऱ्या सासूबाईंनी, म्हणजे अव्वांनी, पहिला प्रश्न टाकला.

"रांगोळी येती काय?"

"पोर्ट्रेट येतं," निर्मला म्हणाली.

"त्ये काय असतंय?"

"माणसाचा चेहरा काढायचा."

"चेहरा काय, सगळ्यास्नीच असतोय. रांगोळी येती काय सांग."

सोमशेखर मात्र खाली मान घालून हसला, आणि त्या हसण्यावर भाळून तिनं होकार दिला. पुढं तेच हसू तिला महागात पडलं. माणूस लाखात एक, कधी आवाज चढवणार नाही, कधी हात आखडता घेणार नाही. पण अडचणीची वेळ आली की हा हसायचा आणि गप्प बसायचा. अशा माणसाशी भांडताही येत नाही, भिंतीशी किती वेळ भांडणार?

त्यानं तिला गुळाच्या कोठीवरचा माळा दिला. उजेड उत्तरेचा, चित्रकाराला हवा तसा. खोड एकच, गुळाच्या वासानं तिथं बारमाही मुंग्या. ओल्या रंगात अडकून मरायच्या. कुणाच्यातरी आजोबांच्या गालावरून मुंगी चिमट्यानं उचलताना निर्मला जे शब्द वापरायची ते काही तिनं कलाशाळेत शिकलेले नव्हते.

आजोबांच्याच, कारण येणारी कामं सगळी गेलेल्या माणसांची. घरातलं मोठं माणूस गेलं की वर्षाच्या आत त्याचं तैलचित्र सोप्यात लागलं पाहिजे, अशी बऱ्या घरांची रीत. गिऱ्हाईक पेढीवर यायचं, लग्नाच्या घोळक्याच्या फोटोतला नखाएवढा चेहरा सोमशेखरच्या हातात ठेवायचं आणि काम झालं की चित्र घेऊन जायचं. जाताना म्हणायचं, "काय हात हाय पेंटरशेट तुमचा!" पेंटरशेट हसायचे आणि गप्प बसायचे.

सुरुवातीला निर्मलानं याचा जाब विचारला. सोमशेखर म्हणाला, "अगं, बाईनं काढलंय म्हटलं की भाव पाडत्यात. वर म्हणत्यात, तरीच आमच्या म्हाताऱ्याचं तोंड बाईसारखं दिसतंय. तू काढ की. नावाचं काय एवढं?"

नावाचं काय एवढं! अहो, गुळाच्या खोक्यावरसुद्धा पेढीचं नाव असतं. खोकं फोडून गूळ संपला तरी नाव रद्दीत शिल्लक राहतं. निर्मलाची चित्रं शहरातल्या कितीतरी घरांत लागली, हार घालून घेत राहिली, आणि एकाच्याही कोपऱ्यात तिचं नाव नव्हतं. एकदा तिनं न विचारता बारीक सही केली, तर घरच्यांनी फ्रेमची पट्टी रुंद घेऊन ती झाकली. गेलेल्या माणसाच्या पायाशी परक्या बाईचं नाव बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी निर्मला माळ्यावर बसून रडली, रागानं. एक चित्र, फक्त एक, चारचौघांच्या नजरेसमोर लागावं आणि त्याखाली आपलं नाव असावं, एवढंच तिला हवं होतं. काही चंद्र मागितला नव्हता.

अशी दहा वर्षं गेली. दोन हजार दोन साली उंबराच्या तालमीची माणसं पेढीवर आली.

उंबराची तालीम म्हणजे पेठेतली जुनी, शंभरी गाठलेली तालीम. आत लाल मातीचा हौद, मारुती, आणि भिंतीवर होऊन गेलेल्या सहा वस्तादांची तैलचित्रं. सगळे लंगोटावर, छाती पुढं, गदेवर हात. सातवे वस्ताद हंबीरराव हयात होते, पंच्याहत्तरी ओलांडलेले. शंभरीच्या समारंभात त्यांचं चित्र त्यांच्या डोळ्यांदेखत लावायचं असं तालमीनं ठरवलं होतं. आधीची चित्रं काढणारा पेंटर कधीच वारला होता, आणि बाकीच्या पेंटरांची दुकानं नव्या डिजिटल बोर्डांनी बसवली होती. तालमीचे अध्यक्ष पिराजी, म्हशींचा गोठा असलेला आडदांड माणूस, सोमशेखरला म्हणाले, "पेंटरशेट, आमचं येक काम करायचं बघा."

सोमशेखर हसला. पण या वेळी निर्मला जिन्यात उभी होती.

"वर या," ती म्हणाली. "पेंटर वर असतोय."

वर आल्यावर पिराजींनी माळाभर नजर फिरवली. "कुठं हाईत पेंटर?"

"मीच."

पिराजींनी सोमशेखरकडं पाहिलं. सोमशेखरनं मुंग्यांकडं पाहिलं. "व्हय, ह्याच काढत्यात सगळं," तो पुटपुटला.

"अवघड झालं की ओ," असं म्हणून पिराजी एका रिकाम्या खोक्यावर बसले.

अवघड काय, तेही त्यांनी सांगितलं. तालमीत बाईमाणसाचं पाऊल पडत नाही. हंबीरराव वस्ताद बालब्रह्मचारी, मारुतीचं व्रत घेतलेले. बाईकडं कधी नजर वर करून बघितलेलं नाही. सख्खी बहीण चिमणाबाई, ती जन्मभर दूध घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेर तांब्या ठेवून गेली. असा माणूस लंगोट लावून निर्मलासमोर बसणार? नाव काढायला नको. पिराजींनी खिशातून वस्तादांच्या तरुणपणचा फोटो काढला. "ह्याच्यावरनं काढा. आंग ह्यातलं घ्या, तोंड आत्ताचं लावा."

"पिराजीदादा, पंचविशीच्या अंगावर म्हाताऱ्या माणसाचं डोकं?"

"मग? पयल्या सगळ्यांचं तसंच हाय की."

निर्मलानं त्या सहा चित्रांचे फोटो मागवून घेतले. बघते तर खरंच. जुन्या पेंटरनं एकच छाती सगळ्यांना वाटून दिली होती. सहा वस्ताद, सहा मिशा आणि छाती एक. इतकी वर्षं पेठेतली जाणती माणसं त्या छातीला हात जोडत होती आणि कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. निर्मलानं कपाळावर हात मारून घेतला.

"मला माणूस समोर पाहिजे," तिनं पिराजींना ठणकावलं. "आणि चित्राखाली माझं नाव येणार. कबूल असेल तर काढते. नाहीतर जावा डिजिटलवाल्याकडं."

तालमीत बरेच दिवस खल झाला. शेवटी तोड निघाली. वस्ताद तालमीच्या बाहेर, उंबराखाली बसतील. धोतर, पटका आणि अंगावर उपरणं, लंगोट विसरायचा. आणि नाव? "घाला की नाव," पिराजी म्हणाले. "नावाला कोन न्हाई म्हनतंय!"

पहिल्या दिवशी निर्मला तिपाई घेऊन पोचली, तर वस्ताद तिच्याकडं पाठ करून बसलेले.

"पाठीचं काढायचंय काय?" तिनं विचारलं.

"वस्ताद बाईकडं तोंड करून बसत न्हाईत," पिराजी म्हणाले.

"मग मी त्या बाजूला येते."

ती त्या बाजूला गेली, वस्ताद या बाजूला वळले. ती या बाजूला आली, ते पुन्हा तिकडं. भर रस्त्यात, उंबराच्या बुंध्याभोवती एक शिकलेली बाई आणि एक म्हातारा पैलवान फुगडी घातल्यासारखे फिरतायत, आणि कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर ही गर्दी! निर्मलाला वाटलं, रंगाची पेटी उचलावी आणि सरळ कुरुंदवाडची एसटी धरावी.

मग तिनंच युक्ती केली. वस्तादांची खुर्ची तालमीच्या दाराकडं तोंड करून ठेवली. त्यांनी आतल्या पोरांची मेहनत बघायची, तिनं बाजूनं त्यांना बघायचं. हे त्यांना पटलं. पण बोलणं सगळं पिराजींमार्फत. ती चार हातांवर बसलेली, वस्तादांचा आवाज खणखणीत, तरी मध्ये पिराजी हवेतच.

"बाईस्नी इचार, हललं तर चालंल काय."

"वैनी, वस्ताद म्हनत्यात, हललं तर..."

"ऐकलं मी. मान तेवढी हलवू नका म्हणावं."

"वस्ताद, वैनी म्हनत्यात, मान..."

"मी भैरा न्हाई, पिराजी."

आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. निर्मलाचं डोकं उठायचं.

गदेचं आणखी वेगळंच. मारुतीची गदा तालमीबाहेर येत नाही, असं ऐनवेळी कळलं. मग गदेवरच्या हातासाठी तिनं माळ्यावर सोमशेखरला उभा केला, शर्ट काढायला लावला आणि हातात घरातलं मुसळ दिलं. तेवढ्यात अव्वा वर आल्या. सुनेच्या हातात ब्रश, लेक उघडा आणि मुसळधारी. "अय्यो शिवा!" अव्वा ओरडल्या. "भरदिवसा नवऱ्याला हे काय करायला लावलंयस गं?" सोमशेखर हसला आणि मुसळ त्याच्या पायावर पडलं. निर्मलानं गदेचा नाद सोडून दिला. वस्तादांचे हात गुडघ्यांवर होते, ते गुडघ्यांवरच राहू दिले.

आणि सांगायचं तर त्या हातांनीच तिचा सगळा शीण घालवला. आत कुणी पोरगा डाव चुकला की वस्तादांची मूठ आवळायची आणि पुन्हा सैल पडायची. वय झालेले हात, थरथरणारे, तरी मूठ आवळली की थरथर थांबायची. कान दोन्ही मोडून मोडून गाठी झालेले. पैलवानांच्या जगात तो अंगावरचा दागिना. "बाईस्नी म्हनावं, कान हाईत तसं काढा," वस्ताद दाराकडं बघत म्हणाले. "डावा मोडला तवा लोकांनी खांद्यावर घेऊन नाचिवलंतं." एक दिवस उपरणं खांद्यावरून घसरलं. वस्तादांनी ते सावरलं नाही, लक्षच नसावं. खाली आलेली छाती, वर आलेली हाडं, गळ्याशी सुटलेली कातडी, सगळं निर्मलाला दिसलं. तिनं ते तसंच काढलं. दहा वर्षांत पहिल्यांदा तिच्यासमोरचा माणूस श्वास घेत होता. घरी परतताना ती रिक्षात एकटीच हसत होती आणि रिक्षावाला आरशातून संशयानं बघत होता.

चित्र पुरं झाल्यावर पिराजी बघायला आले. बराच वेळ मिशीवर हात फिरवत राहिले.

"म्हातारं काढलंय की ओ."

"म्हातारेच आहेत."

"न्हाई, पर छाती जरा..."

"नाही."

"वाईच?"

"पिराजीदादा, नाही म्हणजे नाही."

वस्तादांनी चित्र बघायलाच नकार दिला होता. भिंतीला लागेल तेव्हा बघीन, म्हणाले. निर्मलानं उजव्या कोपऱ्यात नाव घातलं. शेजारणींनी सुचवलं की सौभाग्यवती लिही, नवऱ्याचं लिही, आडनाव लिही, म्हणजे बरं दिसतं. तिनं काहीएक न ऐकता लिहिलं, निर्मला. समारंभाच्या दोन दिवस आधी चित्र टेम्पोतून तालमीत गेलं. ते नजरेआड होईपर्यंत ती पेढीच्या पायरीवर उभी होती, मुलगी सासरी पाठवल्यासारखी.

समारंभ तालमीबाहेर, मांडवात. पाहुण्यांत बायका होत्या म्हणून मांडव. निर्मला अव्वांबरोबर मागच्या, बायकांच्या रांगेत बसली. खांद्याला पिशवी होती. टेम्पोत चित्र खरचटतंच, म्हणून दोन ट्यूबा, ब्रश, टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं तिनं बरोबर घेतलं होतं. वस्ताद समारंभाला बाहेर आलेच नाहीत. आत, मारुतीपाशी बसून राहिले. हलग्या कडाडल्या, पाहुण्यांनी पडदा ओढला, आणि मांडवभर "वा वा" झालं. लोकांची तोंडं बघून निर्मलाचा ऊर भरून आला. मग तिची नजर उजव्या कोपऱ्यात गेली.

कोपऱ्यात तपकिरी रंगाचा एक ठिगळासारखा पट्टा होता. त्यावर, कुणा बोर्ड रंगवणाऱ्याच्या हातच्या लठ्ठ पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, पेंटर सोमशेखर, शाहूपुरी.

तिला आधी वाटलं, आपण चुकीचं वाचतोय. तेवढ्यात माइक बोलला. "आणि आता, हे अप्रतिम चित्र काढणारे, आपल्या कलापूरचं भूषण, पेंटर सोमशेखर यांचा सत्कार!"

सोमशेखर पुरुषांच्या रांगेत बसला होता. त्यानं मागं वळून निर्मलाकडं पाहिलं. तिनं मान हलवली, नको, अजिबात नको. पण दोघा पैलवानांनी त्याला दंडाला धरून उठवला होता. व्यासपीठावर त्याला फेटा बांधला, शाल पांघरली, हातात नारळ दिला. कुणीतरी माइक पुढं केला. बोल, निर्मला मनात म्हणत होती, आता तरी बोल. एक वाक्य बोल. सोमशेखर हसला. "आभारी हाय," म्हणाला, आणि खाली उतरला.

"ह्यानं कधी काढलं गं?" अव्वा एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की चार रांगा वळल्या. "ह्याला साधं लिंबू काढाय येत न्हाई!"

दहा वर्षांत अव्वांनी सुनेच्या चित्रकलेबद्दल काढलेला हा पहिला बरा शब्द. दुसरा कुठला दिवस असता तर निर्मलानं त्यांचे पाय धरले असते. आता ती उठून तडक पिराजींकडं गेली.

"माझं नाव कुठाय?"

पिराजी ओशाळले, पण मागं हटले नाहीत. "वैनी, रागावू नका. तुमीच काढलंय, पेठंला म्हाईत हाय. पर आत मारुतीराया हाय. जितं बाईचं पाऊल जात न्हाई, तितं बाईचं नाव कसं जाईल? शंभर वर्सांची रीत हाय. आनि तुमी आनि सोमशेखर काय येगळं हाय व्हय?"

"नावाला कोण नाही म्हणतंय, असं म्हणाला होतात."

"तवा ध्यानात आलं न्हाई."

"मग माझं चित्र परत द्या."

"परत कसं? त्ये लागलं की भित्तीला आतमदी."

खरंच, दोघं बोलत होती तेवढ्यात पोरांनी चित्र उचलून आत नेलं होतं. सोमशेखर फेट्यासकट लगबगीनं आला. "निर्मला, घरी जाऊन बोलू. सगळी गिऱ्हाइकं हाईत इथं."

"तुम्ही घरी जावा," निर्मला म्हणाली. "नारळ तेवढा फोडू नका, तो माझा आहे."

ती तालमीच्या दारात आली. चपला काढल्या, पदर खोचला, आणि उंबरा ओलांडून आत गेली.

आत एकच गलका उठला. "ए बाई!" "ओ वैनी!" "आरं धरा की!" धरा, पण धरणार कोण? तालमीत पैलवान दाटीवाटीनं उभे होते. एकेक असा, की वळू आडवा करेल. पण सगळे मारुतीच्या व्रतातले, बाईच्या अंगाला हात लावायचा नाही ही वस्तादांची पहिली शिकवण. पिराजी पळत पुढं झाले आणि दोन्ही हात पसरून आडवे उभे राहिले. निर्मला थांबली नाही. ती एक पाऊल पुढं आली, पिराजी एक पाऊल मागं. ती आणखी पुढं, पिराजी आणखी मागं, आणि शेवटी अंग चोरून बाजूला. बाकीच्यांनी आधीच पाठी भिंतीला टेकवल्या होत्या. ज्यांनी मोठमोठी मैदानं मारली, त्यांच्यापैकी एकालाही या हडकुळ्या बाईला अडवायचा डाव येत नव्हता.

चित्र सहा वस्तादांच्या ओळीत, शेवटी लागलं होतं. त्यासमोर बाकड्यावर हंबीरराव वस्ताद बसले होते. गोंधळ सगळा कानावर पडत असणार, पण त्यांनी मान वळवली नाही. ते चित्रातल्या कानाकडं बघत होते.

निर्मला त्यांच्या शेजारून पुढं गेली. पिशवी खाली ठेवली, फडक्यावर टर्पेंटाइन ओतलं आणि कोपरा घासायला लागली. पिवळी अक्षरं अजून ओलीच होती. सोमशेखर गेला, शाहूपुरी गेली, तपकिरी ठिगळही निघालं, आणि त्याबरोबर खालचं तिचं स्वतःचं नावही पुसलं गेलं. डोळ्यांत पाणी येत होतं आणि त्या पाण्याचाही तिला राग येत होता. ब्रश काढून रंगात बुडवला. पण तालमीत आधीच उजेड कमी, त्यात दारात बाहेरच्या माणसांनी डोकी घातलेली. कोपरा नुसता काळा दिसत होता. तिनं ब्रश टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. कुठं लिहावं कळेना.

"वस्ताद, तुमी तरी काय बोला की!" मागून कुणीतरी ओरडलं.

निर्मलाचा ब्रश हवेत राहिला. आता हे म्हातारं आपल्याला बाहेर काढणार, ती मनाशी म्हणाली, आणि आपण जाणार नाही.

वस्तादांनी तिच्याकडं बघितलं नाही. नजर चित्रावरच होती.

"पिराजी."

"जी."

"दारातली गर्दी हटीव. आनि हौदावरचा बल्ब हिकडं घिऊन ये. बाईस्नी दिसंना झालंय."

पिराजींनी दारातल्या माणसांना मागं ढकललं, लोंबता बल्ब वायरीसकट ओढून आणला आणि अंग चोरून, हात लांब करून कोपऱ्याजवळ धरला.

"जरा खाली," निर्मला म्हणाली.

पिराजींनी बल्ब खाली घेतला, आणि तिनं नाव लिहिलं.